काचेच्या पेटीतील संथ हिरवळ

मत्स्यपेटीत मॉस व तृणासारख्या पाणवनस्पतींची लागवड

ज्वारी चार महिन्यांत खळ्यावर येते. आडसाली उसाला दीड वर्ष लागते. आंब्याचे कलम चांगले फळावर येण्यास चार-पाच वर्षे थांबावे लागते. शेतकऱ्याला वाट पाहणे नवे नाही. प्रत्येक पिकाचा काळ तो जाणतो व त्याप्रमाणे आपली कामे लावतो. परंतु एखादी वनस्पती महिनाभर निगा राखूनही जागची हलत नाही असे दिसले, तर जाणत्या माणसाचाही धीर सुटतो आणि त्याचा हात खताच्या गोणीकडे जातो. अशाच काही मंदगती वनस्पतींची माहिती प्रस्तुत लेखात द्यावयाची आहे.

काचेची मत्स्यपेटी ही आता केवळ शहरातील दिवाणखान्याची शोभा राहिलेली नाही. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आरोग्य विभागामार्फत गावोगावी पाळले जातात. अनेक शाळांतून मुलांना दाखविण्यासाठी पेट्या ठेवलेल्या असतात. शोभेच्या माशांचे संगोपन हा जोडधंदा म्हणून काही तरुण व महिला बचत गट करू लागले आहेत, आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही या संगोपनाचा समावेश करण्यात आला. पेटीत मासे आले की त्यांच्या सोबतीला कोणती वनस्पती लावावी, हा प्रश्न ओघानेच येतो. माशांचे संगोपन मत्स्यव्यवसाय खात्याकडे असले, तरी वनस्पतीची लागवड म्हटली की लोक कृषी कार्यकर्त्याकडेच वळतात. म्हणून या विषयाची तोंडओळख गावपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्यास असणे इष्ट आहे.

एक अनुभव

प्रथम माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण या लेखाचे सार तीत आहे.

नोकरीच्या प्रारंभीच्या काळात तालुक्याच्या गावी राहत असताना मी घरी सुमारे पन्नास लिटर पाण्याची एक पेटी ठेवली होती. तीत गप्पीच्या काही जोड्या, मॉसचा एक पुंजका व तृणासारख्या पाणवनस्पतीची आठ-दहा ठोंबे होती. गप्पींना पिल्ले झाली. लहानमोठी मिळून ती चाळीसच्या आसपास होती. पावसाळा तोंडावर आला होता, आणि आमच्या आळीतील सिमेंटच्या टाक्यांत सोडण्यासाठी ही पिल्ले देईन, असे मी आरोग्य सेविका ताईंना कबूल केले होते.

तीन आठवडे लोटले तरी वनस्पती जशा लावल्या तशाच होत्या. तृणाची काही पाती तर पिवळी पडली होती. पिवळेपणा दिसला की नत्राची आठवण व्हावी, असे आम्हां कृषी पदवीधरांचे शिक्षण. मी चहाचा एक चमचा युरिया पाण्यात विरघळवून पेटीत ओतला. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झाले. चौथ्या दिवशी सकाळी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडीत होते. घाईघाईने मी निम्मे पाणी बदलले, परंतु संध्याकाळपर्यंत एकही मासा उरला नाही. पुढील पंधरा दिवसांत मॉसवर बुळबुळीत तंतूंचे जाळे पसरले व तोही फेकून द्यावा लागला.

शेजारचे वयोवृद्ध शेतकरी आबा हे सर्व पाहत होते. ते एवढेच म्हणाले, "साहेब, आमच्या पिकाला मात्रा मोजून द्या म्हणता, अन् स्वतःच्या पेटीला मापाबिगर? वाफा तरी केवढा हाय त्यो!"

आबांचे म्हणणे शब्दशः खरे होते. त्या रात्री मी हिशेब मांडला. पेटीचा तळ साठ सेंटिमीटर लांब व तीस सेंटिमीटर रुंद, म्हणजे एका चौरस मीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. त्यावर पाच ग्रॅम युरिया म्हणजे एकरी हिशेबाने सुमारे ११२ किलो, अर्थात ४५ किलोच्या अडीच गोण्या, आणि त्याही एकाच वेळी! पाण्याच्या मानाने पाहिले तर पाच ग्रॅम युरियात २.३ ग्रॅम नत्र असते. पन्नास लिटर पाण्यात ते दर लिटरमागे ४६ मिलिग्रॅम झाले. युरियाचे पाण्यात अमोनियात रूपांतर होते, आणि मुक्त अमोनियाचा तर लिटरमागे मिलिग्रॅमचा अंशही माशांना घातक ठरतो. ताईंना पिल्ले मिळाली नाहीत. ते का, हे सांगण्यासाठी मला त्यांच्या दारी जावे लागले.

मॉस म्हणजे काय?

आपल्या बोलीत पाण्यातील कोणत्याही हिरव्या वस्तूस सरसकट शेवाळ म्हणतात. परंतु येथे दोन निराळ्या गोष्टी ओळखल्या पाहिजेत. पाण्याच्या हौदाला जो बुळबुळीत हिरवा थर किंवा तंतूंचा गुंता येतो, ते शेवाळ होय. त्यास खोड नाही, पान नाही. याउलट पावसाळ्यात विहिरीच्या कठड्यावर किंवा देवळाच्या दगडी भिंतीवर जी मखमलीसारखी मऊ गादी उगवते, ती मॉस या वनस्पतीची असते. तीस बारीक खोड व पाने असतात, पण खरी मुळे नसतात. मुळांच्या जागी केसांसारखे तंतू असतात व त्यांच्या साहाय्याने ती दगडाला वा लाकडाला धरून राहते. अन्न व पाणी ती पानांच्या पृष्ठभागातूनच शोषून घेते. तीस फूल येत नाही व बीही धरत नाही. पेटीत तिची वाढ तुकड्यापासूनच होते.

मत्स्यपेटीसाठी सर्वांत काटक जात म्हणजे आग्नेय आशियातून आलेला जावा मॉस. शास्त्रीय भाषेत त्यास टॅक्सिफायलम बार्बिएरी म्हणतात. मंद उजेडात, मऊ किंवा जड अशा दोन्ही पाण्यांत तो तग धरतो. फांद्यांची ठेवण नाताळच्या झाडासारखी असलेला ख्रिसमस मॉसही बाजारात मिळतो. तो दिसण्यास अधिक सुबक, परंतु वाढीस अधिक मंद आहे. नवशिक्याने जावा मॉसपासूनच आरंभ करावा.

तृणासारख्या वनस्पती

पेटीच्या तळाशी हिरवळीसारखा गालिचा करणाऱ्या ज्या वनस्पतीस बाजारात 'हेअरग्रास' म्हणतात, ती खरे पाहता गवत नव्हेच. ती लव्हाळ्याच्या कुळातील आहे. शास्त्रीय नाव एलिओकॅरिस. शेतात लव्हाळ्याने हैराण झालेल्या शेतकऱ्यास हे ऐकून हसू येईल. परंतु लव्हाळा हजार उपायांनी हटत नाही, तर त्याची ही नाजूक बहीण आर्जव करूनही लवकर पसरत नाही. तिची पाती केसासारखी बारीक असतात. हरळीप्रमाणे ती जमिनीलगत आडवी खोडे सोडते व त्यांच्या पेरांवर नवी ठोंबे फुटतात.

दुसरी वनस्पती लिलिऑप्सिस. रूपाने गवताच्या आखूड पात्यांसारखी, परंतु कुळाने कोथिंबिरीची नातलग. हिची वाढ हेअरग्रासहूनही संथ असते. ज्यांस इतका धीर नसेल, त्यांनी व्हॅलिस्नेरिया लावावा. तो आपल्याकडील तळ्यांत व नद्यांत आढळतो, फितीसारखी लांब पाने सोडतो व भराभर पसरतो. मत्स्यपेटीच्या इतिहासात या वनस्पतीस मानाचे स्थान आहे. रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात सोनेरी मासे, पाण्यातील गोगलगायी व व्हॅलिस्नेरिया एकत्र ठेवल्यास मासा व वनस्पती परस्परांस आधार देतात व पाणी निरोगी राहते, असे त्याने दाखविले. आजची प्रत्येक हिरवी पेटी त्याच तत्त्वावर चालते.

वाढ मंद का होते?

कारण समजले म्हणजे घाई होत नाही. वनस्पतीस अन्न तयार करण्यासाठी उजेड व कार्बन डाय-ऑक्साइड वायू लागतो. शेतातील पिकास हा वायू वाऱ्याबरोबर सतत मिळत राहतो. पाण्यात मात्र तो हवेच्या तुलनेने सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. पानाभोवती स्थिर पाण्याचा जो पातळ थर असतो, तो ओलांडून येणाऱ्या वायूवरच पाण्याखालील पानास भागवावे लागते. म्हणजे अडचण बहुधा नत्राची नसते, ती श्वासाची व उजेडाची असते. पेटीत खत घातले तरी ते मॉसच्या उपयोगी पडत नाही. ते वेगाने वाढणाऱ्या शेवाळाच्या तोंडी जाते.

दुसरे कारण पाणवनस्पतीच्या रोपवाटिकेतील आहे. तेथे पुष्कळ रोपे पाण्याबाहेर, दमट हवेत वाढविलेली असतात. पेटीत बुडविली की त्यांची हवेतील जुनी पाती पिवळी पडून गळतात व पाण्यास योग्य अशी नवी पाती येतात. माझ्या पेटीतील पिवळेपणा याच कारणाचा होता. तो रोग नव्हता, स्थलांतर होते. भाताचे रोप लावणीनंतर काही दिवस पिवळे दिसते, तेव्हा अनुभवी शेतकरी घाबरत नाही. येथेही तेच धोरण ठेवावे.

पेटी व जागा

प्रारंभी ६० × ३० × ३० सेंटिमीटर मापाची पेटी पुरेशी आहे. तीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. काच व वाळू धरून हे वजन साठ-सत्तर किलोंवर जाते, म्हणून तिवई भक्कम व समपातळीत असावी आणि पेटीखाली जाड फोमचा तुकडा अंथरावा. पेटी खिडकीसमोर ठेवू नये. थेट उन्हाने पाणी तापते व शेवाळ माजते.

ज्या बादलीतून किंवा पंपातून शेतात औषध फवारले असेल, ती वस्तू कितीही धुतली तरी पेटीच्या कामी घेऊ नये. बोर्डो मिश्रणातील ताम्र मॉस व मासे या दोहोंस बाधते, आणि पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके माशांना अत्यल्प प्रमाणातही मारक आहेत. घरात डासांचे औषध फवारतानाही पेटी झाकून ठेवावी.

पाणी

ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन, घातलेले असते. ते मनुष्यास हितावह असले तरी माशांस व पेटीतील उपयुक्त जिवाणूंस अपायकारक आहे. असे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात निदान एक अहोरात्र उघडे ठेवून मधूनमधून ढवळावे व मग वापरावे. विहिरीचे पाणी चालते. कूपनलिकेचे पाणी फार जड असल्यास त्यात स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी मिसळावे.

तळाची तयारी

दोन ते तीन मिलिमीटर जाडीची भरड वाळू पाणी नितळ निघेपर्यंत धुऊन घ्यावी. वाळूवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकून पाहावे. फेस आल्यास तीत चुनखडी आहे असे समजावे व ती वापरू नये. केवळ मॉस लावावयाचा असेल तर तळाची फारशी चिंता नको, कारण त्यास मुळेच नाहीत. तृणवनस्पतीसाठी मात्र वाळूचा थर चार-पाच सेंटिमीटर असावा.

वाळूखाली मातीचा पातळ थर देण्याचीही पद्धत आहे. अमेरिकेतील डायना वॉल्स्टड यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाद्वारे ती सर्वत्र ज्ञात झाली. आपण तिचा अवलंब केल्यास बागेतील जुनी, चाळलेली माती दोन सेंटिमीटरपर्यंत घ्यावी व तीवर तीन सेंटिमीटर वाळू पसरावी. ताजे शेणखत किंवा रासायनिक खत तीत मिसळू नये. आपली काळी माती या कामी योग्य नाही. ती फुगते, पाणी गढूळ करते व तीत बहुधा चुनखडी असते. थर जाड झाल्यास आतील हवा संपून माती कुजते व सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो.

मॉसची लागवड

मॉस स्वच्छ पाण्यात खळबळून घ्यावा व गोगलगायींची अंडी किंवा शेवाळाचे तंतू असल्यास वेचून काढावेत. कात्रीने त्याचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. खडबडीत दगड किंवा पाण्यात भिजवून जड झालेले लाकूड घेऊन त्यावर हे तुकडे एकेरी, विरळ पसरावेत व सुती दोऱ्याने सैलसर गुंडाळावेत. पुष्कळांची चूक अशी की, लवकर भरगच्च दिसावे म्हणून ते जाड थर बांधतात. असा थर खालून कुजतो व काही दिवसांनी सबंध सुटून वर येतो. दाट पेरलेल्या पिकाची जी गत, तीच येथे होते.

पहिले दोन-तीन आठवडे काहीही घडत नाही असे वाटेल. नंतर टोकांना पोपटी रंगाचे नवे फुटवे दिसू लागतात. एक-दोन महिन्यांत मॉस दगडास धरतो. सुती दोरा तोवर कुजून जातो, त्यास सोडविण्याची आवश्यकता नसते.

तृणाची लागवड : ओलीची रीत

तृणवनस्पतीचा पुंजका तसाच रोवू नये. तो सोडवून पाच-सहा पात्यांचे एकेक ठोंब करावे व लांब चिमट्याने दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर, मुळे पूर्ण झाकतील अशा बेताने वाळूत रोवावे. अंतर ठेवल्याने धावत्या खोडांस जागा मिळते.

भरलेल्या पेटीत ही रोपे वारंवार उपटून तरंगतात. त्यावर एक सोपा उपाय आहे. प्रथम पेटीत पाणी भरूच नये. तळ चांगला ओला करून रोपे लावावीत, पेटीचे तोंड काचेने झाकावे व उजेड द्यावा. रोज काच थोडा वेळ सरकवून हवा बदलावी व गरजेप्रमाणे पाण्याचा शिडकावा करावा. चार ते आठ आठवड्यांत रोपे मूळ धरतात व आडवी खोडे धावू लागतात. मग तळावर बशी ठेवून तीवर हळूहळू पाणी सोडीत पेटी भरावी. ही रीत आपल्या गादीवाफ्यासारखीच आहे. हवेतील वायू पानास थेट मिळत असल्याने या काळात वाढ पाण्याखालच्यापेक्षा जोमाने होते.

या रीतीत एक दक्षता अत्यावश्यक आहे. तळ ओला असावा, पण त्यावर पाणी साचू देऊ नये, व झाकण घट्ट असावे. पेटीत अद्याप मासे नसतात, आणि डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. घरात आठवड्याचा कोरडा दिवस पाळताना ही पेटीही तपासावी.

उजेड, अन्न व पहिले सहा आठवडे

साठ सेंटिमीटरच्या पेटीस मॉससाठी दहा-बारा वॅटचा साधा एलईडी दिवा पुरतो. तृणासाठी उजेड काहीसा अधिक लागतो. दिवसाकाठी सहा ते आठ तास दिवा ठेवावा, रोज ठराविक वेळी लावावा व विझवावा. उजेड वाढविल्याने वाढ दुप्पट होईल ही समजूत चुकीची आहे. वायू तेवढाच राहतो व वाढलेला उजेड शेवाळाच्या पथ्यावर पडतो. शोभेच्या मोठ्या पेट्यांतून सिलिंडरद्वारे वायू सोडतात. मॉस व काटक तृणांसाठी त्या खर्चाची गरज नाही.

खताविषयी नियम एकच आहे. शेतीचे कोणतेही खत पेटीत घालू नये. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. त्यातील काही अंश वनस्पती घेतात. उरलेल्याचे जिवाणू प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. जमिनीत नत्राचे जे चक्र चालते, तेच येथे पाण्यात चालते. परंतु नव्या पेटीत हे जिवाणू नसतात. ते वाळूवर व गाळणीच्या स्पंजवर स्थिर होण्यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात मासे सोडण्याची घाई करू नये. प्रथम दोन-तीनच सोडावेत व खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे.

आंतरमशागत

आठवड्यातून एकदा दहा-बारा लिटर पाणी बदलावे. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असते. ते तुळशीस, कढीपत्त्यास किंवा परसातील भाजीस घालावे. काचेवरील शेवाळ पुसून काढावे. मॉसमध्ये तंतू अडकल्यास जुन्या दातांच्या ब्रशाला गुंडाळून ओढून घ्यावेत. शेवाळ वाढतच असेल तर औषध शोधण्यापूर्वी दिव्याचे तास व माशांचे खाद्य कमी करावे. तणाचे मूळ कारण तेथे असते.

उन्हाळा हा आपल्याकडील कसोटीचा काळ होय. पाणी वीस अंश सेल्सिअसला असता त्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांस साडेसात. मॉसही तिशीच्या वर मलूल होतो. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पेटी घरातील सर्वांत थंड खोलीत हलवावी, झाकण काढून जाळी लावावी व लहान पंख्याचा वारा पृष्ठभागावर सोडावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. आटलेले पाणी रोज भरून काढावे.

गप्पी व मॉस

गप्पी अंडी घालीत नाही, जिवंत पिल्ले देते. मादी साधारण महिन्याने वितेही, परंतु ती व इतर मोठे मासे नवजात पिल्लांस खाऊन टाकतात. उघड्या पेटीत पिल्ले वाचत नाहीत ती यामुळे. मॉसच्या गुंत्यात मात्र त्यांस लपण्यास जागा मिळते व मॉसवर वाढणारे सूक्ष्म जीव हे त्यांचे पहिले अन्न ठरते. ज्या गावी गप्पींची पैदास करावयाची आहे, तेथील पेटीत मूठभर जावा मॉस ठेवणे हा पिल्ले वाचविण्याचा स्वस्त उपाय आहे. गप्पी हा परदेशी मासा असल्याने तो टाक्या, हौद व बंदिस्त डबकी यांतच सोडावा. ओढ्यात व नदीत सोडू नये.

वाढावा कोठे जातो?

पाच-सहा महिन्यांनी छाटणी करण्याइतकी वाढ होते. छाटलेला मॉस नव्या दगडांवर बांधता येतो, शेजाऱ्यास किंवा शाळेस देता येतो. अशा दगडांस शोभेच्या माशांच्या दुकानांत मागणीही असते. विक्रीचा विचार असल्यास जवळच्या दुकानदाराशी आधी बोलावे व मगच पेट्या वाढवाव्यात. योजनांची माहिती जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात मिळते.

मात्र छाटण किंवा पेटीतील पाणी विहिरीत, ओढ्यात, तळ्यात वा कालव्यात कदापि टाकू नये. मॉस संथ असला तरी त्याच्या गुंत्यात दुसऱ्या चपळ वनस्पतीचा तुकडा असू शकतो. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती भारतात आली. आज तिने आपल्या नद्यांची काय दशा केली आहे, हे पुण्याजवळ मुळा-मुठेच्या किंवा कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी उभे राहून पाहावे. उलट उदाहरणही बोधप्रद आहे. शाळेत प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगासाठी नरसाळ्याखाली आपण जो हायड्रिला ठेवतो, तो १९५०च्या दशकाच्या प्रारंभी श्रीलंकेतून मत्स्यपेटीची वनस्पती म्हणून अमेरिकेतील फ्लोरिडात गेला, तेथील पाण्यात सुटला व त्याने कालवे आणि तळी भरून टाकली. एका पेटीतील मूठभर हिरवळ सबंध जिल्ह्याचे पाणी अडवू शकते. म्हणून छाटण उन्हात पूर्ण वाळवावे व मग खतखड्ड्यात टाकावे.

उपसंहार

पहिल्या अपयशानंतर मी पेटी पुन्हा लावली. या खेपेस चमचा लांब ठेवला. मॉसचे तुकडे विरळ बांधले, तृण ओलीवर वाढवून मग पाणी भरले आणि सहा आठवडे एकही मासा सोडला नाही. तिसऱ्या महिन्यात आडवी खोडे काचेपर्यंत पोहोचली. पुढील पावसाळ्यापूर्वी मॉसच्या आडून निघालेली साठ पिल्ले मोजून मी ताईंच्या हवाली केली. एक वर्ष उशिरा का होईना, शब्द पुरा झाला. आबांनी पेटीत डोकावून पाहिले व विचारले, "औंदा काय घातलं, साहेब?" मी म्हणालो, "काही नाही, आबा."

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा अनुभव आपल्या ध्यानी ठेवावा. शेतकऱ्यास मात्रा सांगणाऱ्याने स्वतः मात्रा पाळली पाहिजे, आणि वनस्पती वाढत नाही असे दिसताच काहीतरी घालण्यापूर्वी ती का थांबली आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. काचेच्या पेटीत ही परीक्षा पन्नास लिटर पाण्यात होते. शेतात ती एकराच्या हिशेबाने होते.